आतली झुरळं आतच: चढणाऱ्या खाद्यकीटकांसाठी डबा, जाळी आणि पट्टा

आमच्या घरात दोन प्रकारची झुरळं आहेत. एक मी पाळलेली, दुसरी न बोलावता आलेली. या दोघांची गाठ पडू नये आणि दोघांपैकी कुणाचीही आईशी गाठ पडू नये, एवढ्यासाठी गेल्या काही वर्षांत जे करून पाहिलं ते इथे लिहितो आहे. मासा आहे सिल्व्हर एरोवाना, फीडर, म्हणजे माशाला खाऊ घालायचे कीटक, आहेत लॉबस्टर झुरळं आणि घर ठाण्यातलं, म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो. घराचा पत्ता मुद्दाम सांगितला. कीटक डब्यात कोंडून ठेवायच्या बहुतेक कृती थंड प्रदेशातल्या, हीटर लावलेल्या कोरड्या खोल्यांसाठी लिहिलेल्या असतात. तिथे निसटलेलं उष्ण प्रदेशातलं झुरळ गारठ्यात फार टिकत नाही. आपल्याकडे डब्याच्या आत आणि बाहेर हवामान एकच असतं, त्यामुळे निसटलेलं झुरळ मजेत संसार थाटतं.

पायरी १: तुमचा कीटक चढतो का, ते आधी बघा

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. घरातला काचेचा स्वच्छ, कोरडा ग्लास घ्या. त्यात एक मोठा कीटक आणि त्याच जातीची दोन-तीन लहान पिल्लं सोडा आणि पाच मिनिटं नजर हलवू नका. पिल्लं वेगळी तपासायची, कारण वजन कमी असल्याने ती कित्येकदा मोठ्यांपेक्षा सहज चढतात.

डुबिया झुरळं (ब्लाप्टिका डुबिया) आणि तुर्कस्तानी झुरळं, म्हणजे रेड रनर, स्वच्छ काचेवर चढत नाहीत. मीलवर्म, सुपरवर्म (भुंग्यांच्या अळ्या) आणि त्यांचे भुंगेही नाहीत. घरगुती क्रिकेट, म्हणजे रातकिडा, चढत नाही, पण उडी मारतो, तेव्हा त्याचा डबा उंच हवा. लॉबस्टर झुरळं (नॉफीटा सिनेरिया) आणि मादागास्करची फुसफुसणारी झुरळं काचेवर जमिनीवर चालावं तशी चालतात. हिरवी बनाना झुरळं चढतात आणि मोठी झाली की उडतातही. मेणकिडे (मधाची पोळी पोखरणाऱ्या अळ्या) आणि फळमाश्या तर चढण्यासाठीच जन्मलेल्या.

आता खरं सांगायचं तर, तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर डुबिया घ्या आणि या लेखातला निम्मा खटाटोप वाचवा. लॉबस्टरची पिल्लं मऊ असतात, झपाट्याने वाढतात आणि मासा त्यांच्यावर तुटून पडतो, म्हणून मी ती ठेवतो. पण पहिल्यांदाच कीटक पाळणाऱ्याला मी ती कधीच देत नाही.

आणि न चढणारा कीटकसुद्धा अट घालून चढत नाही: भिंत गुळगुळीत, कोरडी आणि स्वच्छ हवी. डबा घासणीने घासून ओरखडे पडले, कोपऱ्यात गाजराचा रस वाळला, जोडावर सिलिकॉनची रेघ असली की डुबियाची शिडी तयार. अशा वेळी डब्याच्या आतून वरच्या काठाखाली रुंद, पारदर्शक पॅकिंग टेपचा एक सलग वेढा लावला तरी भागतं. लॉबस्टरला मात्र टेप म्हणजे हमरस्ता.

पाय धरतो कसा?

झुरळाच्या पायाला दोन नख्या असतात. खडबडीत पृष्ठभागावर त्या अडकतात. चढणाऱ्या जातींत नख्यांच्या मधे एक मऊ गादी असते आणि तिच्यावर अतिशय पातळ द्रवाचा थर असतो. गुळगुळीत काचेला ही गादी अंग टाकून चिकटते. म्हणजे भिंत आणखी गुळगुळीत करून काही उपयोग नाही. गुळगुळीत भिंत तर तिला आवडतेच. उपाय तीनच उरतात. गादीखाली सुटणारे कण ठेवायचे, म्हणजे पायाला भिंतीऐवजी भुकटीच लागते. किंवा बुळबुळीत थर द्यायचा. किंवा रस्ताच बंद करायचा. बाजारात मिळणारी प्रत्येक युक्ती या तिन्हींपैकी एकीत बसते. माझ्या मते चढणाऱ्या कीटकाला यातल्या निदान दोन एकदम हव्यात.

पायरी २: डबा

झाकणाला चारही बाजूंनी क्लिप असलेला, ३० ते ४० लिटरचा प्लॅस्टिकचा साठवणीचा डबा पुरतो. दुकानातच झाकण लावून काठावरून एक साधा कागद आत सरकवून पाहा. कागद जिथे आत जातो तिथे लॉबस्टरचं नवजात पिल्लू जाऊ शकतं. ते जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं आणि अंगाने चपटं. डब्याच्या मुठीपाशी आतून भोक असतं, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तसं असेल तर दुसरा डबा घ्या, नाहीतर एम-सीलने बुजवा.

आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवायचे, म्हणजे विष्ठा खाली पडते. ट्रेचं वरचं टोक डब्याच्या काठापासून निदान १२ ते १५ सेंटिमीटर खाली हवं आणि भिंतींना टेकलेलं नको. काठाला लागलेला ट्रे म्हणजे आपणच लावून दिलेला जिना. हे इतकं उघड आहे की कुणी विसरणार नाही असं वाटतं. मी दोनदा विसरलो आहे.

पायरी ३: झाकण आणि जाळी

हवा लागते, म्हणून झाकण कापावं लागतं. आपल्या दमट हवेत दोन-चार भोकांनी भागत नाही. झाकणाचा निम्मा भाग कापून तिथे जाळी बसवा. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात निम्म्याहून जास्त. आत वाफ धरली की भिंतीवर थेंब जमतात, आणि ओली भिंत पुढच्या सगळ्या उपायांचा घात करते.

जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. डासांसाठी खिडकीला लावतात ती फायबरची किंवा नायलॉनची जाळी क्रिकेट आणि भुंगे कुरतडतात. एका रात्रीत नाही, पण महिन्याभरात कोपरा फाटलेला दिसतो. डासांच्या जाळीइतक्या बारीक छिद्रांची स्टीलची जाळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते; पुण्यात असाल तर बोहरी आळीत चक्कर मारा. झुरळांच्या पिल्लांना ती पुरते. फळमाश्यांना पुरत नाही.

जाळी कापलेल्या भोकापेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठी ठेवा. हॉट ग्लूने नुसती चिकटवू नका, मे महिन्यात तो गोंद मऊ पडतो आणि जाळी एका कडेने उचलली जाते. मी कापून निघालेल्या प्लॅस्टिकच्याच पट्ट्या वापरतो: खाली झाकण, मधे जाळी, वर पट्टी आणि दर ५-६ सेंटिमीटरवर छोटा नट-बोल्ट. मग कडेने एम-सीलची बारीक वात. जाळीची टोकं बोटाला लागतात, तेव्हा कात्री चालवताना हातमोजे घाला.

लहान बरण्यांसाठी मात्र आजीचीच पद्धत चालते. लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दादरा: घट्ट विणीचं सुती कापड दुहेरी करून तोंडावर ताणायचं आणि रबराऐवजी सुतळीने आवळायचं. रबर उन्हाळ्यात तुटतं. मीलवर्मच्या बरणीला, फळमाश्यांच्या बाटलीला दादरा उत्तम. मेणकिड्याला मुळीच नको, तो कापड खाऊन बाहेर येतो.

पायरी ४: काठाखालचा पट्टा

इथे सगळ्यात जास्त मतभेद आहेत, आणि बऱ्याच मतभेदांचं कारण इतकंच की बोलणारे वेगवेगळ्या ऋतूंत बोलत असतात.

व्हॅसलीन, म्हणजे पेट्रोलियम जेली, सगळ्यात स्वस्त. काठाखाली ८ ते १० सेंटिमीटर रुंदीचा सलग पट्टा बोटाने लावायचा आणि मग कोरड्या कापडाने एकदा हलकेच पुसून काढायचा. मागे दिसेल न दिसेल असा थर राहिला पाहिजे. लोक हमखास चुकतात ते इथे: पोळीला लोणी लावावं तसं लावतात. जाड थरात पिल्लं रुतून मरतात, आणि त्यांच्या अंगावरून बाकीच्यांना पूल मिळतो. दर दोन-तीन आठवड्यांनी पुसून नवा पट्टा द्यायचा, कारण धूळ आणि विष्ठेची भुकटी बसली की जेलीचा बुळबुळीतपणा जातो. पावसाळ्यात व्हॅसलीनला काही होत नाही, पाण्याशी त्याचं देणंघेणं नाही. पण पारा ४० च्या पुढे गेला की ते पातळ होऊन ओघळतं. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, फरशीवर ठेवा आणि पट्टा आठवड्याला तपासा. खोबरेल तेलाने काम होईल का, असं मला विचारलं गेलं आहे. ते २४-२५ अंशांनाच वितळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ते तेलच असतं. शिवाय खवट होतं. नको.

दुसरा उपाय पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या अतिसूक्ष्म कणांचं पाण्यातलं दुधाळ मिश्रण. मुंग्या पाळणारे आणि कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळा ते फ्लुऑन या नावाने ओळखतात. स्वच्छ पुसलेल्या भिंतीवर स्पंजच्या तुकड्याने एकाच दिशेने पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा हात. वाळल्यावर पांढुरका, धुरकट थर दिसतो. त्याला बोट लावायचं नाही, लावलं तिथे खिंड पडते. कोरड्या हवेत हा पट्टा अनेक महिने टिकतो आणि व्हॅसलीनसारखी घाणही होत नाही. पण हवेतला ओलावा वाढला की त्याची पकड घसरवण्याची ताकद कमी होते, आणि भिंतीवर थेंब जमले तर विचारूच नका. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप म्हणजे ही वस्तू नव्हे, ती भिंतीला चिकटतही नाही. पक्षी पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: टेफ्लॉन फार तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात. साध्या खोलीत तो धोका नाही, पण लेप दिलेल्या डब्यावर तापणारा बल्ब टांगू नका.

तिसरी टाल्कम पावडर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ती ताकाइतकी पातळ कालवायची, कापसाने पट्टा ओढायचा, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं. मागे सुट्या कणांचा थर राहतो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा, अल्कोहोल पेट घेतं. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांच्या कामाला छान. पावसाळ्यात दुसऱ्या सकाळी त्याची खळ झालेली असते.

माझा वर्षभराचा बेत असा: नोव्हेंबर ते मार्च पीटीएफई, एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत व्हॅसलीन. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका जुलैत मी पीटीएफईच्या भरवशावर झाकणाच्या दोन क्लिपा न लावता झोपलो. सकाळी आईने मिक्सर पुढे ओढला आणि मागून सात-आठ पिल्लं पांगली. ती माझी आहेत हे मी बराच वेळ कबूल केलं नाही. पण लॉबस्टरच्या मानेवरच्या ढालीवर जी नक्षी असते तीही आईला एव्हाना पाठ झाली होती, आणि त्यांत एक मोठं होतं.

झुरळं मारायच्या खडूने डब्याभोवती रेघ ओढू नका. तो खडू कीटकनाशकाचा असतो. रेघ ओलांडलेलं झुरळ तुम्ही उचलून माशाला घालाल, आणि त्या वर्गातली कीटकनाशकं माशांना अत्यंत घातक असतात.

पायरी ५: परातीतलं पाणी

मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात. तेच इथे, फक्त दुहेरी कामासाठी. रुंद परातीत दोन विटा उभ्या ठेवा, त्यांवर डबा. परातीत बोटभर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, मग कीटक पृष्ठभागावर तरंगत पलीकडे जात नाही, बुडतो. आतून निसटलेलं पिल्लू पाण्यात सापडतं आणि बाहेरून मुंग्या वसाहतीत शिरत नाहीत. मुंग्यांनी एका रात्रीत सगळा डबा साफ केलेले लोक मला माहीत आहेत. डबा भिंतीला किंवा पडद्याला टेकलेला नसावा, नाहीतर परातीला अर्थ नाही. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. डासांना अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि घरात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येते.

परातीचा खरा फायदा वेगळाच आहे. ती हजेरीपट आहे. रोज सकाळी पाण्यात काही नसेल तर वरचं सगळं ठीक. एक पिल्लू दिसलं, तर त्याच दिवशी पट्टा आणि झाकण तपासायचं.

पायरी ६: डबा उघडण्याची सवय

जाळी कुरतडून जितके कीटक पळतात त्यापेक्षा कितीतरी जास्त आपण स्वतः बाहेर काढतो: झाकणाच्या आतल्या बाजूला बसलेले, ट्रेला लटकलेले, बाहीत शिरलेले.

झाकण उघडण्याआधी त्यावर तळहाताने चार-पाच चापट्या मारा. जाळीला उलटे लटकलेले खाली पडतात. मग झाकण वर न उचलता एका बाजूने वीतभर सरकवा. ते कधीही जमिनीवर पालथं ठेवू नका; आतली बाजू एकदा नजरेखालून घाला आणि उलटं करून बादलीत ठेवा. काम दिवसा, भरपूर उजेडात करा. ही रात्री हिंडणारी मंडळी आहेत, उजेड पडला की वर येण्याऐवजी ट्रेखाली दडतात. बाह्या कोपराच्या वर. जमिनीवर पांढरी चादर, म्हणजे पडलेलं दिसतं. मोरीच्या जाळीवर पालथा डबा ठेवून ती झाका. नाकाला साधा मास्क लावा, कारण झुरळांच्या विष्ठेच्या धुळीने अनेकांना दम्याचा त्रास होतो.

माशासाठी झुरळं काढायची असतील तर वसाहतीच्या डब्यातून चिमट्याने एकेक पकडत बसू नका. उंच, कोरडी बादली घ्या, तिच्या आतल्या काठाला व्हॅसलीनचा पट्टा असू द्या. एक ट्रे उचलून बादलीत नेऊन झटका, ट्रे परत जागेवर. आता झाकण बंद करा, चारही क्लिपा लावा, आणि मग बादलीतून निवांत निवडा. दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी ठेवायची नाहीत, एवढा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ. चपळ कीटक असतील तर बादलीतले डब्यात भरून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की ते मंदावतात. आमच्या घरी या वाक्यावर बंदी आहे, त्यामुळे मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची पिशवी वापरतो.

साफसफाईत निघालेला भुसा आणि जुने ट्रे सरळ कचऱ्यात टाकू नका. घडीत पिल्लं असतात. घट्ट बांधलेल्या पिशवीत दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये, नाहीतर वैशाखात काळ्या पिशवीत गच्चीवर दिवसभर कडक ऊन, आणि मगच बाहेर. उरलेल्या झुरळांना बागेत सोडणं हा तर विचारही नको.

अळ्या आणि माश्या: थोडक्यात

मेणकिडा (गॅलेरिया मेलोनेला) प्लॅस्टिक कुरतडतो. स्पेनमधल्या संशोधक फेदेरिका बेर्तोकिनी मधमाश्या पाळत. पोळ्यातून काढलेले किडे त्यांनी पिशवीत ठेवले आणि थोड्याच वेळात पिशवीची चाळण झाली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे इथे काचेची बरणी, पत्र्याचं झाकण आणि स्टीलची बारीक जाळी, दुसरं काही नाही. हाच किडा पोळी पोखरून मधपाळांचं नुकसान करतो. महाबळेश्वर-मांघर भागात, किंवा जिथे जवळपास मधपेट्या असतील तिथे, तो घरी वाढवूच नये असं माझं मत.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या कोषात जाण्याआधी कोरडी जागा शोधत वर निघतात. सुमारे ४५ अंशांचा उतार त्या सहज चढतात, आणि भिंत ओली असली तर सरळ उभ्याही. म्हणून भिंती कोरड्या ठेवा, किंवा त्यांच्या हट्टाचा फायदा घ्या: एक उतार लावून त्याचं टोक गोळा करायच्या डब्यात सोडा.

पंख नसलेल्या फळमाश्यांची बाटली उघडण्याआधी मऊ कापडावर आपटा. माशी घसरली की पुन्हा वर चढायला सुरुवात करते, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत काम उरका. बाटली कायम बशीतल्या साबणाच्या पाण्यात. आंब्याच्या दिवसांत घरातल्या जंगली फळमाश्या आत शिरल्या तर पुढची पिढी पंखवाली निघते, कारण पंख नसण्याचा गुण संकरात दबतो. शिवाय काही वाणांत नुसत्या उष्णतेने, ३० अंशांच्या आसपास, पंख मोठे होतात. मे महिन्यात माश्या उडायला लागल्या तर विकणाऱ्याशी भांडण्याआधी थर्मामीटर बघा.

पायरी ७: सुटलीच तर

फवारा मारू नका. टाकी आणि वसाहत दोन्ही त्याच खोलीत आहेत. काचेच्या बरणीत पावाचा तुकडा आणि पिकलेलं केळं ठेवा, आतल्या गळ्याला व्हॅसलीनचा पातळ पट्टा द्या आणि बाहेरून कागद गुंडाळा, म्हणजे चढायला पकड मिळते. अशा तीन-चार बरण्या फ्रिजच्या मागे, सिंकखाली, मिक्सरच्या कोपऱ्यात. रात्री ओटा कोरडा पुसा आणि उघडं पाणी ठेवू नका. तहान लागलेलं झुरळ लवकर सापळ्यात येतं. पाली आपल्या परीने मदत करतात, त्यांना हाकलू नका.

एकच मादी गेली, नर नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. लॉबस्टरची मादी अंड्यांचा कोश पोटातच बाळगते आणि थेट पिल्लं देते, एका वेळी पंचवीस-तीस. पळाली तेव्हा तिच्या पोटात काय होतं, ते बाहेरून दिसत नाही. पिल्लू मोठं व्हायला आपल्या हवेत अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बरण्या रिकाम्या राहिल्या तरी त्या उचलू नका. तीन महिने केळं बदलत राहा आणि कॅलेंडरवर खूण करा. आमच्याकडची खूण आईने केली होती, लाल पेनाने.